अंगठीतला खडा आणि पेल्यातली तुरटी

आमच्या विहारात दर रविवारी मुलांचा वर्ग भरतो. गेल्या उन्हाळ्यात वर्गातल्या एका मुलाच्या बोटात पांढऱ्या खड्याची अंगठी दिसली. पोरगा गणितात नापास झाला होता. कुणीतरी त्याच्या आईला सांगितले, "स्फटिक घाला, बुद्धी स्थिर होईल." ती माउली चार घरची धुणीभांडी करते. पगारावर उचल घेऊन तिने अंगठी करून घेतली.

आम्हाला राग आला. पण रागावून कुणाची समजूत पटत नाही. आपल्या वंदनेत धम्माला 'एहिपस्सिको' म्हटले आहे. या आणि पाहा! म्हणून आम्ही ठरवले की, मुलांना स्फटिकच दाखवून आणायचे. त्या आईलाही आग्रहाने सोबत घेतले.

सकाळी नाशिकच्या त्रिरश्मी बुद्धलेणीवर गेलो. चोवीस लेण्यांचा हा डोंगर काळ्या दगडाचा, म्हणजे बेसाल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून वर आलेल्या लाव्हाच्या थरांनी महाराष्ट्राचा बराचसा भाग झाकला गेला. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि दगडात पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांतून गरम पाणी झिरपत राहिले. पाण्यात विरघळलेली द्रव्ये हळूहळू पोकळीत साचली व त्यांचे स्फटिक झाले. वाटेच्या कडेला पडलेल्या एका दगडात मुलांना असे पांढरे ठिपके सापडले. दगड पाहून जिथल्या तिथे ठेवला. लेणीवरचे काही उचलून न्यायचे नाही, हेही शिकायचेच होते.

तिथून एस.टी.ने सिन्नरला गेलो. औद्योगिक वसाहतीत 'गारगोटी' नावाचे खनिज संग्रहालय आहे. आत शिरताच मुले गप्प झाली. फिक्या गुलाबी पेंढीसारखे स्टिलबाइट, काचेसारखे हिरवे ॲपोफायलाइट आणि पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत सापडणारे गर्द निळे कॅव्हन्साइट! अशी खनिजे सापडतात कुठे, असे त्या आईने विचारले. खडीच्या खाणीत, विहिरी खोदताना, असे उत्तर मिळाले.

बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझा बाप जन्मभर खाणीत खडी फोडत होता. असल्या दगडांतच त्याचा दिवस जायचा. त्याचं नशीब काही उघडलं नाही, भाऊ."

आम्ही जे तासभर बोलून सांगितले असते, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितले.

घरी आल्यावर मुलांनी स्वतःच स्फटिक करायचे ठरवले. कृती सोपी आहे. पेलाभर गरम पाण्यात तुरटीची पूड विरघळेनाशी होईपर्यंत घालावी. गरम पाण्याचे काम मोठ्यांनी करावे. पाणी फडक्याने गाळून रात्रभर ठेवावे. तळाशी बारीक खडे जमतात. त्यातला एक चांगला खडा बारीक दोऱ्याला बांधून त्याच गार झालेल्या, गाळलेल्या पाण्यात टांगावा. वर कागद झाकून पेला आठ-दहा दिवस हलवू नये. चाखून मात्र पाहू नये. एका मुलीने घाईने कोमट पाण्यातच खडा टांगला, तो विरघळून गेला. तिने दुसऱ्यांदा केले.

अंगठीवाल्या पोराचा खडा वाटाण्याएवढा झाला. त्याला आठ गुळगुळीत बाजू होत्या. बशीत सुकवलेल्या मिठाचे दाणे भिंगातून चौकोनी दिसले. असे का? प्रत्येक पदार्थाचे सूक्ष्म कण आपापल्या ठरलेल्या रचनेत, विटेवर वीट रचावी तसे बसतात. पाणी निवांत असेल तर त्यांना नीट बसायला वेळ मिळतो आणि खडा मोठा होतो. ढवळले तर नुसता चुरा जमतो. तुरटी कुणाच्या घरची, हे ती पाहत नाही. पोरगा आईला म्हणाला, "आई, हा तर मीच बनवला. मग हा मला काय हुशार करणार?"

अंगठी आता डब्यात आहे. उचलीचे दोन हप्ते अजून फिटायचे आहेत. आमचा एक सहकारी रोज संध्याकाळी तासभर विहारात त्या मुलाचे गणित घेतो. तो पास होईल की नाही हे आम्ही आज सांगत नाही. पण अजून एकही दिवस त्याने चुकवलेला नाही.

पालकांनो, तुरटी कोणत्याही किराणा दुकानात थोड्या पैशांत मिळते. येत्या रविवारी मुलांना घेऊन बसा. खडा विकणारा दारात येण्याआधी मुलांनी तो एकदा आपल्या हाताने करून पाहिलेला असू द्या. जयभीम!