काचा खाली करून नार्व्यास

नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचे दर्शन एकदा घडावे, ही आमच्या मातोश्रींची जुनी इच्छा. बडोद्याहून निघून पत्रादेवी ओलांडली आणि पेडण्यात व्हॅनमधून करपलेल्या रबराचा वास आला. वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर जखडला होता. मेस्त्री म्हणाले, “हाच पट्टा पाण्याचा पंप नि आल्टरनेटर फिरवतो, तो तुटला की इंजिन तापलेच.” म्हापशाहून आखूड पट्टा आणवून त्यांनी तो कॉम्प्रेसरची पुली वगळून चढविला. गाडी चालू झाली. गारवा मात्र गेला.

वैशाखातले ऊन आणि मातोश्रींची ऐंशी वर्षे! परत फिरावे का, असे आम्ही विचारले. “काचा खाली करा,” एवढेच त्या म्हणाल्या.

कोलवाळच्या पुलावर शापोरा नदीवरचा वारा आत आला, अस्नोड्यापाशी पिकल्या काजूंचा दरवळ, डिचोलीस तांबडी धूळ. दिवाडी बेटावरील मूळ देऊळ पोर्तुगिजांनी पाडल्यावर देव नदीपार नार्व्यास आला. तेथील देवालयाचा जीर्णोद्धार शिवाजीमहाराजांनी १६६८ साली करविला. ती हकीकत ऐकून मातोश्रींनी घाम पुसला, हात जोडले आणि म्हणाल्या, “देवालाही वाट बदलावी लागली होतीच की!”