तीसच्या तीस रोजे

मागच्या रमजानमध्ये माझ्या धाकट्या लेकीचे तीसच्या तीस रोजे झाले. ईदला शीरखुर्मा खाता खाता तिच्या फुफीने कौतुक केले, तेव्हा मीही हसून मान डोलावली. एकोणीस वर्षांची मुलगी आणि एकही रोजा कजा नाही, म्हणजे महिनाभर पाळीच आली नाही, हा साधा हिशेब माझ्या डोक्यात शिरायला आणखी आठवडा गेला.

विचारले तर म्हणाली, "अम्मी, परीक्षेचं टेन्शन होतं ना." मी गप्प बसले. पण पंधरा दिवसांनी तिचे कुर्ते धुताना छातीपाशी वाळलेले पांढुरके डाग दिसले. मी चार मुलांना पाजले आहे. ते डाग कशाचे, हे मला कोणी सांगायला नको होते.

त्या रात्री मनात काय काय आले ते लिहायला हात धजत नाही. तिच्या अब्बांना काही बोलले नाही. सकाळी दार लावून मी तिला विचारले, आणि ज्या शब्दांत विचारले ते शब्द मला अजून टोचतात. ती रडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

डॉक्टरीणबाईंनी आधी गरोदरपणाची तपासणी केली. तसे काही नव्हते. मग रक्त तपासले. थायरॉइड कमी पडले तरी असे होते म्हणून तेही पाहिले, ते ठीक होते. प्रोलॅक्टिन मात्र 118 निघाले. ते साधारण 25 च्या आत असायला हवे. "गोळ्या कोणत्या घेतेस?" त्यांनी विचारले. लेकीने पर्समधून ऍसिडिटीच्या कॅप्सूलचे पाकीट काढले. परीक्षेच्या वेळी एका डॉक्टरांनी दहा दिवसांसाठी लिहून दिल्या होत्या. बरे वाटते म्हणून पुढे मीच दुकानातून आणत राहिले. रोज सहरीच्या आधी मीच तिच्या हातावर ठेवायची.

बाईंनी पाकीट उलटे करून मागची बारीक अक्षरे वाचून दाखवली: रॅबेप्राझोल आणि लिव्होसल्पिराइड. पहिले ऍसिड कमी करते. गोम दुसऱ्यात होती.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. बाळंतिणीला दूध आणणारे प्रोलॅक्टिन तिच्यातूनच येते. या ग्रंथीतले बाकीचे बहुतेक हार्मोन मेंदूने हुकूम दिला की सुटतात. प्रोलॅक्टिनचे उलटे आहे. ते सुटायला तयारच असते, मेंदू त्याला सतत "थांब" म्हणत राहतो. हा निरोप नेणारे द्रव्य म्हणजे डोपामिन. अन्नातल्या प्रथिनांपासून शरीर जी छोटी अमाइन द्रव्ये बनवते, त्यांतलेच हे एक. (पोटातल्या ग्रंथींना ऍसिड सोडायला सांगणारे हिस्टामिनही याच घराण्यातले.) लिव्होसल्पिराइड डोपामिनची जागा अडवून बसते. त्यामुळे जठर लवकर रिकामे होते, पोट हलके वाटते. पण पिट्युटरीपाशीही ते हेच करते. मग "थांब" म्हणणारे कोणी उरत नाही, प्रोलॅक्टिन वाढते, दूध येते आणि पाळी बंद पडते. उलटी थांबवणाऱ्या डॉम्पेरिडोननेही असे होऊ शकते, असे त्या म्हणाल्या. मनाच्या आजाराच्या काही औषधांनीही होते, मात्र ती आपल्या मनाने कधीच बंद करायची नाहीत, हेही बजावले.

कॅप्सूल बंद केली. तीन आठवड्यांनी प्रोलॅक्टिन 17 वर आले. आधीचा आकडा पाहून मी मेंदूच्या एमआरआयचा खर्चही विचारून ठेवला होता, तो करावा लागला नाही.

बकरी ईदच्या आदल्या आठवड्यात एका संध्याकाळी मगरिबची अजान झाली तरी ती उठली नाही. मी बघितले तर म्हणाली, "आज नमाज नाही, अम्मी." मी स्वयंपाकघरात जाऊन पदराने डोळे पुसले.

माफी मी त्याआधीच मागितली होती. "असू दे," म्हणाली. आपले कुर्ते मात्र ती आता स्वतःच धुते.