फांदी कुठून कापायची?

जांभळाचं लाकूड पाण्यात लवकर कुजत नाही, म्हणून जुन्या काळी विहिरीच्या बांधकामात ते वापरत. तेच लाकूड झाडावर असताना मात्र भरवशाचं नसतं. चिंचेच्या फांदीला पोरं खुशाल लोंबकळतात. जांभळीवर कुणी चढलेलं दिसलं, की घरातलं मोठं माणूस हाक मारून खाली उतरवतं. फांदी वाकून इशारा देत नाही, कडकन मोडते. त्यात फळं पिकतात ती नेमकी वळवाच्या आणि मृगाच्या तोंडावर. घोसांचा भार, भिजलेल्या पानांचा भार आणि वर वारा. मोडायची ती याच दिवसांत मोडते.

अशी एक जांभूळ आमच्या शेजारी आहे. पुण्यात साठच्या दशकात सहकारी सोसायट्यांनी पाडलेल्या प्लॉटांवर जे बैठे बंगले उभे राहिले, त्यांतल्या एकाच्या मागच्या अंगणात. ती लावली शेजारच्या अण्णांनी. अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. आता त्या घरात काकू एकट्या असतात, मुलगा बंगळूरला. झाडाचा बुंधा कुंपणाच्या भिंतीपासून हातभर आत, त्यांच्या हद्दीत. पण एक मांडीएवढी जाड फांदी भिंत ओलांडून थेट आमच्या गच्चीवर आलेली.

तिचं सुख आम्ही भरपूर भोगलं आहे. एप्रिलच्या उन्हात मागच्या खोलीत जी सावली असते, ती त्या फांदीची. जूनमध्ये अंगणात जांभळांचा सडा पडतो, आणि ती जांभळं वेचू नका असं अण्णा-काकूंनी आम्हाला कधी म्हटलेलं नाही. त्रासही तितकाच. वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर पडलेला डाग जन्मात जात नाही. रात्री वटवाघळं येतात आणि सकाळी गच्ची बियांनी, चोथ्यानं माखलेली असते. पानांनी पन्हाळ तुंबतं, पहिल्याच पावसात भिंतीला ओल धरते. हे सगळं मी शेजारपणाचा भाग मानत आले, आजही मानते. सावली हवी पण पाला नको, असं म्हणणाऱ्या माणसाशी माझं जमत नाही.

पण एका वळवात त्या फांदीचा शेंड्याकडचा फाटा तुटून धुण्याच्या जागेवरच्या पत्र्यावर आला. पत्रा फाटला. कामाला येणाऱ्या मावशी घटकाभर आधीच तिथून उठून आत आल्या होत्या. त्या दिवसापासून पाला आणि डाग हा विषय मागे पडला. आता प्रश्न माणसाच्या डोक्याचा होता.

अशा वेळी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात आणि सगळे एकच सांगतात: तुमच्या हद्दीत आलीय ना? मग भिंतीच्या रेषेत उडवा, विचारायचं काय त्यात? नात्यातल्या एका वकिलाला विचारलं, तर तोही म्हणाला, की जुन्या कायद्याचं तत्त्व तसंच आहे. 1894 साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं ‘लेमन विरुद्ध वेब’ या खटल्यात ठरवलं, की शेजाऱ्याच्या झाडाच्या फांद्या आपल्या जमिनीवर आल्या, तर त्याच्या जमिनीत पाऊल न टाकता आपण त्या आपल्या हद्दीपर्यंत कापू शकतो, त्यासाठी आधी नोटीस द्यावी लागत नाही. फांदी वर्षानुवर्षं लोंबत राहिली म्हणून झाडाच्या मालकाला वहिवाटीचा हक्क मिळत नाही. कापलेलं लाकूड मात्र मालकाचंच राहतं, आणि फळंसुद्धा. म्हणजे काटेकोर हिशेब मांडला, तर आमच्या अंगणात पडलेली ती सगळी जांभळं काकूंची.

मग महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा येतो. नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या जतनाचा 1975 चा अधिनियम ‘झाड तोडणे’ याची व्याख्या फार रुंद करतो. जाळणं, कापणं, कोणत्याही रीतीनं इजा करणं, हे सगळं त्यात येतं, आणि त्यासाठी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. 2021 च्या दुरुस्तीनं पन्नास किंवा त्याहून अधिक वर्षं वयाच्या झाडाला ‘प्राचीन वृक्ष’ असा वेगळा दर्जा दिला. अण्णांची जांभूळ त्या वयाच्या आसपास आहे. तेव्हा शहरात राहणाऱ्यानं इंग्लंडातल्या निवाड्याच्या भरवशावर कोयता उचलू नये. परवानगीचा अर्ज करायचा म्हटलं, की झाडाच्या मालकाची सही आली. कायद्याच्या वाटेनं गेलं तरी शेवटी काकूंचंच दार येतं.

मला खरं पटलं ते मात्र झाडाच्या शरीराकडे पाहिल्यावर. ॲलेक्स शिगो नावाच्या अमेरिकन वनखात्यातल्या शास्त्रज्ञानं आयुष्यभर झाडं उभी चिरून आतल्या जखमा पाहिल्या. त्यानं दाखवून दिलं, की आपल्या कातडीसारखी झाडाची जखम भरून येत नसते. दुखावलेला भाग झाड आतल्या आत भिंती घालून वेगळा पाडतं आणि त्याच्या भोवती नवं लाकूड वाढवत राहतं. ही भिंत सगळ्यांत चांगली उभी राहते ती एकाच जागी: फांदी जिथे खोडातून निघते तिथे, मनगटातल्या बांगडीसारखी एक फुगीर कडा असते, त्या कडेला धक्का न लावता अगदी तिच्या बाहेरून कापलं तर. खोडाला घासून कापलं तर कडाच जाते. लांबून कापलं तर जो खुंट उरतो तो वाळतो, कुजतो, आणि कूज खोडाकडे सरकू लागते. खुंटाच्या तोंडाशी जे नवे फुटवे येतात ते दिसायला जोमदार, पण वरवर चिकटलेले असतात. चार-पाच पावसाळ्यांनी जाड झाले, की तेच आधी मोडतात. शिवाय एकाच बाजूनं भार काढला तर झाडाचा तोल बिघडतो तो वेगळाच.

आता भिंतीची रेष आठवा. माझा हक्क भिंतीपाशी संपतो, आणि फांदी जिथून कापायला हवी ती कडा भिंतीच्या पलीकडे, काकूंच्या अंगणात आहे. माझ्या हक्कात राहून मी जो काप घालीन तो झाडाच्या दृष्टीनं चुकीचाच असणार. काही वर्षांनी त्या कुजक्या खुंटाचा आणि कमकुवत फुटव्यांचा धोका माझ्याच गच्चीवर परत येणार. ही गोष्ट कळल्यापासून भिंतीवर उभं राहून शेजाऱ्याची फांदी सरळ रेषेत उडवणाऱ्यांचा मला राग येतो. ते आपलंही भलं करत नाहीत.

काकूंकडे मी गेले ते चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या दिवसांत. पन्ह्याचा पेला हातात असताना विषय काढला.

“काकू, आमच्याकडे आलेली ती मोठी फांदी एकदा बघायला हवी. बेचक्यात चीर दिसतेय.”

“कापायची म्हणतेस?” त्यांचा चेहरा एकदम बदलला.

“कापायची का नाही ते मागाहून. आधी तुम्ही आमच्या गच्चीवर या. तुमच्या डोळ्यांनी बघा.”

त्या घाबरल्या त्याला कारण होतं. त्यांच्या फाटकापाशी एक कडुलिंब होता. विजेच्या तारांना लागतो म्हणून दरवर्षी त्याचा शेंडा सपाट छाटला जायचा. वरून दरवर्षी दाट फुटवे, आतून पोकळ. एका पावसाळ्यात तो उभाच्या उभा रस्त्यावर आडवा झाला. छाटणी म्हटलं की काकूंना तो कडुलिंब आठवतो, आणि ही जांभूळ तर अण्णांच्या हातची.

गुडघे धरत त्या जिना चढून आल्या. गच्चीवरून त्यांनी बराच वेळ झाड पाहिलं. म्हणाल्या, “इतकी वर्षं मी हिला खालूनच बघत आले गं. ही बाजू कधी पाहिलीच नव्हती.” चीर त्यांनाच माझ्याआधी नीट दिसली. तिच्याखाली सालीवर ओघळ होता आणि कडेला अळंबी उगवलेली. संध्याकाळी त्यांनीच मुलाला फोन केला आणि अर्जावर सही करायचं ठरवलं.

परवानगी यायला वेळ लागला, पण आली. धोकादायक किंवा रोगट झाड असेल तर परवानगी नाकारू नये अशी तरतूद त्याच अधिनियमात आहे. त्यामुळे अर्जाला चिरेचे फोटो जोडणं फार उपयोगाचं ठरतं.

कापायला जे मामा आले त्यांनी शिगोचं नावही ऐकलेलं नसणार. पण आल्या आल्या त्यांनी भिंतीकडे न बघता बेचक्याकडे बघितलं. “ताई, भिंतीवरनं कापली तर खुंट राहणार, खुंट कुजणार. आतनंच घ्यायला लागंल.” काकूंच्या अंगणातून ते वर चढले. आधी फांदीचे शेंड्याकडचे फाटे दोर बांधून एकेक करून खाली उतरवले. मग मुख्य फांदीला खोडापासून दीड-दोन फुटांवर खालून थोडा काप दिला आणि त्याच्या जरा पुढे वरून कापली. खालचा काप नसता, तर पडता पडता फांदीनं खोडाची साल सोलत नेली असती. राहिलेला तुकडा शेवटी कडेच्या बाहेरून हलक्या हातानं काढला. जखमेला डांबर किंवा रंग लावू का, असं काकूंनी विचारलं, तर मामा नको म्हणाले. शिगोचंही म्हणणं तेच होतं. लाकूड काकूंच्या अंगणात रचलं गेलं. उरलेल्या झाडाचा तोल राहावा म्हणून मामांनी दुसऱ्या बाजूच्याही दोन बारीक फांद्या हलक्या केल्या.

मागच्या खोलीतली सावली गेली आहे, आणि तिची चुटपुट मला दर उन्हाळ्यात लागते. तरी जांभूळ उभी आहे, हे मोठं. कडेभोवती नवी साल वळून येऊ लागली आहे.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते सांगणं. दिल्लीत 1964 साली रस्त्यावरच्या कडुलिंबाची फांदी तुटून स्कूटरवरून जाणाऱ्या एका तरुणाच्या डोक्यात पडली आणि तो गेला. त्याच्या घरच्यांनी महापालिकेवर भरलेल्या दाव्याचा शेवटचा निकाल सर्वोच्च न्यायालयात 1999 साली लागला, आणि महापालिका जबाबदार ठरली. झाड वाळलेलं किंवा मेलेलं आहे हे मालकाला ठाऊक असेल, किंवा ठाऊक असायला हवं असेल, तर ते पडून होणाऱ्या इजेला तो बांधील आहे, असं न्यायालयानं सांगितलं. ‘ठाऊक असायला हवं’ या शब्दांवर मी खूप विचार केला आहे. आपल्या झाडाची दुसरी बाजू मालकाला आपल्या अंगणातून दिसतच नाही. ती शेजाऱ्याला दिसते. त्याला ती दिसत असून तो गप्प बसला, नुसताच धुसफुसत राहिला, तर मालकाला ठाऊक व्हायचं कसं? आणि 2017 मध्ये चेंबूरला सकाळी रस्त्यानं चाललेल्या बाईंच्या अंगावर जो नारळ उन्मळून पडला, त्याच्याबद्दल तर रहिवाशानं आधी सांगितलंही होतं. पाहणीत झाड धडधाकट ठरवून परवानगी नाकारली गेली होती. म्हणून एकदा सांगून भागत नाही. पुन्हा सांगावं लागतं, लेखी सांगावं लागतं.

आमच्या भागातले बैठे बंगले आता एकेक करून पाडले जात आहेत. कुठे मालक परदेशात, कुठे घराला कुलूप, कुठे नवी इमारत आणि तिची कमिटी. झाड कुणाचं हे मिळकतीच्या कागदपत्रांवरून कळेल, पण त्याच्याबद्दल बोलायचं कुणाशी हे कळत नाही. अशा घरांच्या मालकांचे फोन नंबर मी मिळवून ठेवते आणि फाल्गुनात त्यांच्या झाडांचे फोटो पाठवते. काहींना ते आवडत नाही. मी पाठवणं सोडत नाही.

तुमच्या घरावर शेजाऱ्याची फांदी आली असेल, तर मृग लागायच्या आत त्याला एकदा तुमच्या गच्चीवर बोलवा. आणि झाड तुमचं असेल, तर बोलावणं येण्याची वाट पाहू नका. आपणहून जा आणि शेजाऱ्याच्या बाजूनं आपलं झाड बघून या.