विकायच्या गाडीतून मुंबईपर्यंत

किणीचा टोल नाका मागे पडला की पूर्वी रस्ता मोकळा मिळायचा. आता कागल ते साताऱ्यापर्यंत सहापदरीचं काम चालू आहे, त्यामुळे थोडं पुढे गेलं की डायव्हर्जन, सर्व्हिस रोड, परत वर चढायला खडीचा कच्चा उतार. साध्या गाडीला त्याचं काही वाटत नाही. माझी २०१२ ची बीएमडब्ल्यू झेड-फोर मात्र जमिनीला जवळजवळ टेकलेली. असा उंचवटा आला की वेग पार कमी करायचा, गाडी तिरकी घ्यायची आणि पुढचं एक चाक वर चढलं की मगच दुसरं चढवायचं. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवत राहतात. वाजवू द्यावा.

शेजारी भाचा होता. तिसऱ्याला जागाच नाही, आणि गाडी विकायचं कारणही तेच. आई आता माझ्याकडेच असते. तिचे गुडघे दुखतात, या गाडीत तिला उतरवून बसवणं आणि परत उठवणं दोन्ही तिच्या जिवावर येतं. तिला सहज बसता येईल अशी उंच गाडी घ्यायची ठरली. दोन गाड्या ठेवण्याइतकी ऐपतही नाही आणि दारात जागाही नाही.

कोल्हापूरला गाडीचं वेड जुनं आहे. छत्रपती राजाराम महाराजांची केशरी मेबॅक दसऱ्याला बाहेर निघते तेव्हा तिच्याभोवती जमणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे सांगायला नको. तरी तीन लिटरचं, ३०६ हॉर्सपॉवरचं इंजिन आणि घडी होणारं पत्र्याचं छप्पर असलेल्या जुन्या गाडीला गावात गिऱ्हाईक मिळणं अवघड. बघायला पन्नास जण येतात, फोटो काढतात. फोनवर पहिलाच प्रश्न, ‘लास्ट काय?’ त्यातून खरी चौकशी करणारे दोघं उरले, पुण्यातला एक मेकॅनिकल इंजिनिअर आणि मुंबईत अंधेरीला जुन्या महागड्या गाड्यांचा व्यवहार करणारा एक डीलर.

‘मामा, डीलरला देऊन मोकळे व्हा. एका दिवसात पैसे खात्यात,’ भाचा कराडपासून सांगत होता. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. घर बदलायचंय, परदेशी जायचंय, किंवा अनोळखी माणसांना दारात उभं करायचं नाही, अशांनी डीलरकडेच जावं असं मीही सांगेन. मला घाई नव्हती. आणि गाडीची फाइल मी पहिल्या दिवसापासून जपली होती. ती वाचणाऱ्या माणसाला गाडी द्यावी, अशी इच्छा होती.

तासवडे, आणेवाडी, मग खंबाटकीचा बोगदा. पुण्याकडे जाणारी वाहतूक बोगद्यातून जाते आणि बाहेर पडल्यावर लगेच वळणदार उतार लागतो. इथे अनेक अपघात झाले आहेत, म्हणून वेग आधीच उतरवला. खेड शिवापूरला थांबून छप्पर उघडलं. वीस सेकंदांत ते डिकीत जाऊन बसतं. चहाच्या टपरीवरची शाळकरी मुलं पळत आली, म्हणून पुन्हा एकदा बंद-उघड करून दाखवलं.

मुक्काम कोथरूडला ताईकडे. त्यामागेही हिशोब होता. ‘सकाळी मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका,’ असं इंजिनिअरनी बजावलं होतं. रात्रभर थंड राहिलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू होताना जे बोलतं ते दुपारी बोलत नाही. जाणता माणूस आहे, हे त्या एका वाक्यावरून मी ओळखलं.

आल्या आल्या त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवून बघितला. मग खिशातून रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र काढलं आणि दारं, फेंडर, डिकी असं फिरवत गेले. डाव्या मागच्या फेंडरवर आकडा जवळजवळ दुप्पट आला. मी फाइलमधलं त्याच दुरुस्तीचं बिल आणि फोटो पुढे केले: पार्किंगमध्ये स्कूटरने ओरखडा काढला होता, एवढा एकच भाग रंगवला होता. त्यांनी मान हलवली, वहीत नोंद केली आणि टायरपाशी उकिडवे बसले. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायरवरचे आकडे त्यांनी उतरवून घेतले. या गाडीत स्टेपनी नसते. टायर पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालतील असे, आणि त्यामुळेच महाग. छपराच्या कडेच्या पन्हळींत बोट घालून पाला साचलाय का तेही पाहिलं, डिकीचा गालिचा उचलून ओल शोधली.

इंजिन सुरू झालं तेव्हा ते मागे जाऊन उभे राहिले. नंतर विचारलं, ‘हाय प्रेशर फ्युएल पंप बदललाय?’ हे इंजिन ओळखणारा प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो. याच पंपासाठी २०१० मध्ये अमेरिकेत याच इंजिनाच्या सुमारे एक लाख तीस हजार गाड्या परत बोलावल्या गेल्या होत्या. माझ्या गाडीच्या पंपाचा आणि इग्निशन कॉइलचा कागद मी काढून दिला. त्यांच्या लायसन्सचा फोटो घेऊन चावी हातात दिली आणि शेजारी बसलो. चांदणी चौकाकडून जाऊन आलो. त्यांनी एकदाही उगाच ॲक्सिलरेटर दाबला नाही.

भाव २६ लाख म्हणाले. कारणंही सांगितली. गाडीला २०२७ मध्ये पंधरा वर्षं होतील, पुनर्नोंदणीला आयात गाडीची फी ४०,००० रुपये, वर हरित कर. बोलणं रास्त होतं. मुंबईच्या डीलरला शब्द दिलाय, तिथे जाऊन येतो आणि कळवतो, असं त्यांना सांगितलं. ‘जाऊन या, मी थांबतो,’ म्हणाले.

एक्स्प्रेस वेवर वेगमर्यादा पाळत, डावीकडून मुसंडी मारणाऱ्यांना वाट देत खंडाळ्याचा घाट उतरलो. भाचा गप्प होता. खोपोलीच्या पुढे म्हणाला, ‘गाडी बघण्यापेक्षा फाइलच जास्त वेळ बघितली की त्यांनी.’

अंधेरीचं शोरूम मेट्रोच्या खांबांसमोर, काचेचं. आत रांगेने गाड्या, प्रत्येकीवर पॉलिशचा आरसा. त्यांच्या माणसाने वीस मिनिटांत गाडी पाहिली. फाइल उघडली, बिलांची जाडी अंगठ्याने चाळली आणि ठेवून दिली. भाव साडेबावीस. मालक स्वभावाने सरळ होते, आकड्यामागचं गणित त्यांनी लपवलं नाही. छप्पर उघडणाऱ्या गाडीला पावसाळ्यात गिऱ्हाईक नाही, कधीकधी सहा-आठ महिने पैसा अडकतो. टायर, बॅटरी, रंगकाम त्यांचं. विकल्यावर तक्रार आली तर तीही त्यांच्या गळ्यात. शिवाय खरेदी-विक्रीतल्या फरकावर १८ टक्के जीएसटी. साडेबावीसला घेऊन सव्वीसला विकली तर साडेतीन लाखांवर त्रेसष्ट हजार सरकारला. एका माणसाने दुसऱ्याला स्वतःची गाडी विकली तर हा कर लागत नाही. म्हणजे मधला साडेतीन लाखांचा फरक ही सगळीच्या सगळी त्यांची कमाई नव्हती. त्यांनी दुसरा मार्गही सुचवला: गाडी शोरूममध्ये ठेवा, विकली की कमिशन कापून पैसे. त्यात तोवर विमा माझा, जोखीम माझी आणि चावी त्यांच्याकडे. तो मी तिथेच नाकारला.

साडेबावीसवर मी विचार केलाही असता. पण मग त्यांच्या माणसाने फॉर्म २९ आणि ३० पुढे सरकवले. माझं नाव, गाडीचा नंबर भरलेला. घेणाऱ्याची जागा कोरी. ‘साहेब, फक्त सह्या. पार्टी मिळाली की नाव आम्ही भरू.’

याला माझी ठाम हरकत आहे, आणि प्रत्येक गाडी विकणाऱ्याची असावी. आरसीवर नाव ज्याचं, कायद्याच्या नजरेत मालक तो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं. गाडी २००७ मध्येच विकलेली, पुढे ती आणखी हातांतून फिरली, २००९ मध्ये अपघात झाला. तरी भरपाईची जबाबदारी ज्याचं नाव नोंदीत राहिलं होतं त्या मूळ मालकावर आली. कोऱ्या सह्यांचा कागद महिनोन् महिने कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये पडून राहतो आणि तेवढे दिवस आपली झोप त्या ड्रॉवरमध्ये गहाण असते.

डीलरसाठी यावर कायदेशीर वाट आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं, गाडी ताब्यात घेतल्याचं फॉर्म २९-सी मधून कळवायचं आणि तिथून पुढे मानीव मालक म्हणून जबाबदार राहायचं. ते अधिकारपत्र मी मागितलं. ‘अर्ज केलेला आहे,’ असं उत्तर आलं. हे अधिकारपत्र असलेला आणि २९-सी तुमच्यासमोर भरणारा डीलर भेटला, तर लाख-दोन लाख कमी घेऊनही गाडी त्याला द्यावी. रात्रीची झोप त्या पैशांत मिळते. इथे तो कागद नव्हता. चहा घेऊन, आभार मानून आम्ही उठलो.

खालापूरच्या पुढे फूड मॉलवर थांबून पुण्याला फोन लावला. सौदा २६ लाखांवर पक्का झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या बँकेत भेटलो. पैसे आरटीजीएसने. रोख दोन लाख किंवा त्याहून जास्त घेणं आयकर कायद्यात बसतच नाही, आणि त्यांनीही तो विषय काढला नाही. रक्कम खात्यात दिसल्यावर सह्या केल्या, घेणाऱ्याचं पूर्ण नाव-पत्ता भरलेल्या फॉर्मवर. फॉर्म ३५ देऊन बँकेच्या कर्जाची नोंद मी आरसीवरून आधीच उतरवून घेतली होती, नव्या सुरक्षित नंबर प्लेटही बसवल्या होत्या. या दोन गोष्टींवर अनेकांचे सौदे अडतात. ताबा-पावतीवर तारखेसोबत वेळही लिहिली, सकाळी ११ वाजून ४० मिनिटं. त्यानंतर कॅमेऱ्याने टिपलेला प्रत्येक दंड कुणाचा, ते त्यावरून ठरतं. काचेवरचा फास्टॅग खरवडून काढला आणि खातं बंद केलं. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आम्ही त्याच दुपारी दोघं बसून ऑनलाइन अर्ज भरला. विमा त्यांच्या नावे करायला दिला. इतक्या वर्षांत दावा न केल्याची सवलत मात्र गाडीची नसते, मालकाची असते. तिचं प्रमाणपत्र मी मागून घेतलं, आईसाठी घ्यायच्या गाडीच्या विम्याच्या हप्त्यात ती वळती होईल.

परतीला स्वारगेटहून एसटी धरली. काही आठवड्यांनी आरसीवर नाव बदलल्याचा मेसेज आला, पाठोपाठ इंजिनिअरांचा फोन. मागची ब्रेक पॅड कुठल्या कंपनीची घातली होती, बिलावर अक्षर पुसट झालंय, एवढंच विचारायचं होतं. ते सांगून झाल्यावर अंधेरीच्या डीलरला फोन केला आणि गाडी दिल्याचं कळवलं. ‘चांगलं झालं साहेब,’ ते म्हणाले, ‘आमचं अधिकारपत्र पण आलं. पुढची गाडी इकडेच आणा.’ त्यांचा नंबर मी ठेवून दिला आहे.