हौदात कोणते मासे सोडाल?

जळकोटसारख्या गावात नळाच्या भरवशावर राहून चालत नाही, पाणी साठवावंच लागतं. त्याच हौदात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात. म्हणून वापराच्या पाण्यात गप्पी मासे सोडा. ते डासांच्या अळ्या खातात. पण त्यांच्यासोबत दुसरे मासे नकोत. शोभेसाठी मी घरच्या हौदात एंजल मासा सोडला. त्यानं गप्पी फस्त केले, मग तोही मेला आणि पाण्यात अळ्या वळवळू लागल्या. डॉक्टरच्याच घरी! गंबुसियाही नको, तो इतर माशांची पिल्लं खातो. ब्लीचिंग पावडरनं गप्पी मरतात. पिण्याच्या पाण्यात मासे नकोतच. तिथे घट्ट झाकण लावा, दर आठवड्याला भांडं घासून कोरडं करा.