सोयाबीनचा ओलावा आणि माझे सत्तर किलो

बुलढाणा जिल्ह्यात सोयाबीन विकायला नेलं की भाव ठरण्याआधी मूठभर दाणे मॉइश्चर मीटरमध्ये जातात. हमीभावाच्या खरेदीचा नेहमीचा निकष १२ टक्के ओलाव्याचा. समजा, १०० किलो मालात १८ टक्के ओलावा निघाला, तर कोरडा माल ८२ किलो. तो वाळवून १२ टक्क्यांवर आणला की वजन भरतं साधारण ९३ किलो: ८२ भागिले ०.८८. हे गणित माझ्या बाबांना तोंडपाठ आहे. नुसता काटा खरं सांगत नाही, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

माणसाच्या बाबतीत मात्र आपण नुसत्या काट्यावर विश्वास ठेवतो. "दहा किलो उतरवायचेत," असं आमच्या ऑफिसात दर सोमवारी कुणीतरी म्हणतं. दहाच का? कारण आकडा गोल आहे.

मी माझं टार्गेट बाबांच्या पद्धतीने काढलं. वजन ७८ किलो, चरबी ३० टक्के. म्हणजे चरबी २३.४ किलो आणि बाकीचं सगळं, म्हणजे स्नायू, हाडं, अवयव, पाणी, मिळून ५४.६ किलो. हा माझा 'कोरडा माल'. चरबी २२ टक्क्यांवर आणायची, तर ५४.६ भागिले ०.७८. उत्तर ७० किलो. पण यात एक अट दडलेली आहे: गेलेले आठही किलो चरबीचेच हवेत. त्यातले तीन किलो स्नायूंचे गेले, तरी काटा ७०च दाखवेल, चरबी मात्र २६ टक्क्यांवर अडकलेली असेल.

घरच्या काट्यावरची चरबीची टक्केवारी हाही अंदाजच. तो काटा पायातून बारीकसा वीजप्रवाह सोडतो. पाण्यातून वीज सहज जाते, चरबीतून अडखळत जाते. त्यावरून तो हिशेब करतो. मॉइश्चर मीटरही विजेच्या आधारेच पाणी ओळखतो, आणि दोन मीटर दोन आकडे दाखवतात हे शेतकऱ्याला चांगलंच ठाऊक आहे. म्हणून मी रोज सकाळी, काही खाण्यापिण्याआधी मोजतो आणि आठवड्याची सरासरी धरतो.

इथवर प्रश्न माझा होता. खरा पेच बाबांचा आहे. उंची १६७ सेंटिमीटर, वजन ५८ किलो. बीएमआय २१च्याही आत. तरी एक्कावन्नाव्या वर्षी शुगर निघाली. गावात एकच प्रश्न: "वाळलेल्या माणसाले शुगर काऊन?"

याचं उत्तर पुण्यात बरंचसं शोधलं गेलंय. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९०च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. ही बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं स्नायूंनी कमी होती, पण त्वचेखालची चरबी त्यामानाने टिकून होती. बारीक, तरी चरबीदार. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो आला. दोघांचाही बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२.

बाबांना हे कळायच्या आधीच त्यांनी स्वतःचा इलाज सुरू केला होता. रात्रीचं जेवण बंद. वर्षभरात ५८चे ५४ झाले आणि ते खूश. पण खताची गोणी उचलताना हात थरथरायला लागले, उकिडवं बसलं की उठताना जमिनीला टेकावं लागायचं. मी त्यांना एवढंच विचारलं, "बाबा, हे चार किलो गेले ते ओलाव्याचे की मालाचे?" ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आईला म्हणाले, "रात्रीची भाकर टाकत जाय."

डॉक्टरांचंही म्हणणं तेच पडलं: वजन उतरवायचं नाही, स्नायू वाढवायचे. त्यामुळे आमच्या घरात आता दोन टार्गेटं आहेत. मला ७८ वरून ७०, त्यांना ५४ वरून पुन्हा ५८. मार्ग मात्र जवळपास एकच. वजन उचलण्याचा व्यायाम, मी जिममध्ये, ते पाण्याने भरलेल्या कॅनने. आणि ताटात डाळ, अंडी, दही जास्त. शिवाय सोयाबीन, ज्यात जवळजवळ ४० टक्के प्रथिनं असतात आणि जे आम्ही वर्षानुवर्षं पिकवून सगळंच्या सगळं विकत आलो.

तुमच्याकडे असला काटा नसेल तर सुतळी घ्या. उंचीएवढी कापा, मधोमध दुमडा आणि पोटाभोवती गुंडाळा. टोकं जुळली पाहिजेत. बाबांची ५४ किलोंवरही दोन बोटं कमी पडली होती. ती सुतळी आई देवघराच्या खुंटीला टांगून ठेवते आणि दर महिन्याच्या एक तारखेला काढते.