विचार कुणाचा?

लेक रात्रीच्या बसनं रत्नागिरीला निघाली होती आणि फोन लागेना. आंबा घाटात रेंज जाते, हे मला ठाऊक आहे. तरी पहिला फोन लागला नाही तेव्हा डोळ्यांपुढे दरड आली, दुसऱ्याला समोरून आलेला ट्रक, तिसऱ्याला हॉस्पिटलचा व्हरांडा. सकाळी शेजारणीला म्हटलं, ‘रात्रभर विचार करत होते.’ करत कुठे होते? ते येत होते, मी सोसत होते. घराच्या हप्त्यांचा हिशेब मांडतो, तो विचार आपण करतो. हा अंगावर येतो. दोन्हींना आपण एकाच मापानं मोजतो आणि नुसतं मनात आलं त्याचीही लाज बाळगत बसतो. किती माणसं त्या लाजेपायी कुणाजवळ बोलत नाहीत!

‘नको तो विचार करूस’ हा सल्ला मायेचा, पण तो लागू पडत नाही. टेक्सासमधल्या ट्रिनिटी विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजत राहिली. पुढे मुभा मिळाल्यावर तर, ज्यांना पहिल्यापासून मोकळीक होती त्यांच्याहूनही यांच्या मनात अस्वल जास्त वेळा आलं.

फिलाडेल्फियातले मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी नैराश्याच्या रुग्णांना विचार दाबायला सांगितलं नाही. ‘मी कुचकामी आहे’ असं झर्रकन उमटून जाणारं वाक्य पकडायचं, कागदावर उतरवायचं, त्याला पुरावा काय ते पाहायचं. डोक्यात आलं एवढ्यानं ते खरं ठरत नाही.

समर्थ रामदासांचे २०५ मनाचे श्लोक मनालाच उद्देशून आहेत. लहानपणी घोकताना जाणवत नाही, पण त्यात मनाशी बोलणारा मनाहून वेगळा धरलेला आहे. मुंबईत विडीची दुकानं चालवलेले निसर्गदत्त महाराज खेतवाडीतल्या माळ्यावर येईल त्याच्याशी मराठीत याच वेगळेपणाबद्दल बोलत. विचार खरा की खोटा, यात ते अडकत नसत. तो ज्याला कळतो, त्या ‘मी आहे’ या जाणिवेपाशी थांबायला सांगत. बेक विचार तपासतात, महाराज तपासणाऱ्यालाच धरतात.

दोन्ही एकच, असं हल्ली सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. ज्याची झोप उडाली आहे, त्याला ‘तू नुसता साक्षी आहेस’ म्हणून वाटेला लावणं निर्दयपणाचं आहे. त्याच्याजवळ बसावं, मनात काय येतं ते न दचकता ऐकावं, गरज दिसली तर डॉक्टरांकडे सोबत जावं. साक्षीभावाचं नंतर, आणि तेही त्यानं विचारलं तर.